रिकामा खण

देवदर्शनाला गेलं की पहिली गाठ देवाशी पडत नाही. चपला सांभाळणाऱ्याशी पडते. पंढरपूर असो, कोल्हापूर असो, हा गृहस्थ सगळीकडे सारखाच. तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही. चपला घेतो, मागच्या फळीवरच्या एका खणात सारतो आणि त्या खणाचा आकडा ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तुमच्या तळहातावर टेकवतो. तासाभरानं तुम्ही परत येता. तुम्ही कोण, कुठले, देवापाशी काय मागितलंत, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. बिल्ला पुढे केला की चपला पुढे येतात. बिल्ला हरवला, तर मग तुम्ही गावचे सरपंच असा नाहीतर शाळेचे मास्तर असा, भर उन्हात पाय भाजून घेत त्याची मनधरणी करण्यावाचून गत्यंतर नाही.

या गृहस्थाचा मला पूर्वी रागच होता. माणसानं माणसाला चेहऱ्यावरून ओळखावं, आकड्यावरून ओळखू नये, असं माझं आपलं कादंबरी लिहिणाऱ्याचं भाबडं मत. गेल्या दोनतीन वर्षांत ते बरंच सैल झालं आहे. आता मला वाटतं, हा माणूस फार सच्चा. एवढ्या गर्दीतले चेहरे आपल्या ध्यानात राहायचे नाहीत हे तो जाणून आहे, आणि ओळख असल्याचं सोंग तो आणत नाही.

मत बदलायला कारण झाली आमच्या शाळेच्या सहलीच्या पावत्यांची भानगड. ती सांगतोच; पण त्याआधी माझा या विषयातला अधिकार सांगून टाकतो, म्हणजे कुणाची फसगत व्हायला नको. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. संगणकाच्या पोटात काय चालतं हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. पुढे जे लिहिलं आहे ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं चार संध्याकाळी बसून समजावून दिलेलं, आणि मी माझ्या सवयीनं चौकोन आणि बाण काढून वहीत उतरवून घेतलेलं. या मुलाच्या हत्तीला एके काळी मी शंभरात पस्तीस गुण दिले होते. तोच आता पुण्याला असल्या कामाचे चांगले पैसे घेतो. माझ्याकडून घेतले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तो म्हणाला, "सर, आधी एक लक्षात घ्या. वेबला मुळात स्मरणशक्तीच नाही."

मला वाटलं, हा कविताबिविता करायला लागला की काय! पण तो शब्दशः बोलत होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ च्या सुमारास वेबची उभारणी केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणं वाचायला मिळावीत म्हणून. त्यासाठी संगणकांनी आपसात बोलण्याची जी रीत ठरली, एचटीटीपी म्हणतात ती, तिच्यात प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. तुम्ही एक पान मागता. पलीकडचा संगणक ते देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढच्याच क्षणी दुसरं पान मागितलंत, तरी त्याच्या लेखी तुम्ही अगदी परके. आणि टिपणं वाचायला आलेल्याचं नावगाव विचारायचं तरी कशाला? सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी कोण बसलंय याची कुणी नोंद ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिवाय या विसरभोळेपणाचा एक मोठा फायदा होता. ज्याला कुणालाच ध्यानात ठेवायचं नसतं, तो हजारांना सहज पुरा पडतो.

पंचाईत झाली ती वेबवर दुकानं थाटायची वेळ आली तेव्हा. गिऱ्हाइकानं एक पुस्तक टोपलीत टाकावं, दुसरं टाकायला जावं, तो दुकानदार म्हणणार, आपण कोण? १९९४ साली अमेरिकेत नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुणानं यावर तोड काढली. दुकानाच्या संगणकानं गिऱ्हाइकाच्या हाती एक चिठ्ठी द्यायची, आणि गिऱ्हाइकाच्या ब्राउझरनं पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती बिनबोभाट दाखवत राहायची. या चिठ्ठीला 'कुकी' हे नाव पडलं. संगणकवाल्यांच्या बोलीत अशा हातोहात फिरणाऱ्या खुणेला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून. मला विचाराल तर 'बिल्ला' हा शब्द जास्त चांगला. बिस्किटावरून माणसाला काही उमज पडत नाही. बिल्ल्यावरून फळी दिसते, खण दिसतो, चपला दिसतात.

आणि खण खरोखरच असतो. तुम्ही एकदा नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत शिरलात, की पलीकडचा संगणक तुमच्यासाठी एक खण उघडतो, त्यात तुमचं नाव, हुद्दा, आतापर्यंत काय काय केलंत ते ठेवतो, आणि त्या खणाचा बिल्ला तुमच्या ब्राउझरला देतो. या खणाला ते सेशन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या पद्धतीत बिल्ल्यावर चोवीस अक्षरं असतात, कुणाला अंदाजानं ओळखता येऊ नयेत अशी. आणि वीस मिनिटं तुमची काही हालचाल दिसली नाही तर खण रिकामा करून टाकायचा, असा तिथला मूळचा रिवाज आहे. शाळेची माहिती ज्यानं ऑनलाइन भरली आहे त्याला असले रिवाज वेगळे सांगायला नकोत. सगळे रकाने भरावेत, शेवटच्या रकान्यासाठी मुलाचा जन्मदाखला कपाटात शोधायला उठावं, आणि परत येऊन बघावं तो पडद्यावर 'सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा'. चपला सांभाळणारा निदान संध्याकाळपर्यंत तरी थांबतो.

बिल्ला ज्याच्या हाती, त्याच्या चपला, हे ओघानंच आलं. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर नावाच्या प्रोग्रॅमरनं 'फायरशीप' या नावाचं एक जोडसाधन सर्वांना खुलं करून दिलं. उघड्या वायफायवर बसून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा बिल्ला हवेतल्या हवेत टिपायचा आणि त्याच्या नावानं फेसबुकात शिरायचं, हे त्यानं दोन टिचक्यांचं काम करून ठेवलं. परवलीचा शब्द चोरायची गरजच नाही! लोकांनी चोऱ्या कराव्यात असा त्याचा हेतू नव्हता. बड्या संकेतस्थळांनी नुसतं दारावर कुलूप न लावता सगळीच ये-जा गुप्तलिपीत करावी, यासाठी त्यानं त्यांना चिमटा काढला होता. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ती तशी केलीही. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला खरा, पण आमच्या शाळेत बिल्ला कुणी चोरला नव्हता. तिथं तो कुणी विचारलाच नव्हता.

आमची शाळा तालुक्याच्या गावातली, खाजगी संस्थेची. २०२३ च्या डिसेंबरात आठवी-नववीची सहल निघाली. माणशी सहाशे रुपये. तोवर पैशांच्या पावत्या कचेरीतल्या बाई हातानं फाडत. आमच्या या बाई म्हणजे एक नमुना आहेत. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन उरलेली. रोजकीर्द अजून शाईच्या पेननं लिहितात आणि बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर अशी दोनदा ताडून बघतात. संस्थेनं त्या वर्षी एका लहानशा कंपनीकडून फीचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्गशिक्षकांनी पैसे वर्गातच घ्यायचे, फोनवर मुलाचं नाव निवडायचं, बटण दाबायचं, की पावती तयार. आम्हा चौदा जणांना चौदा लॉगिनं मिळाली. त्यांतलं पहिलं अर्थातच कचेरीचं, म्हणजे बाईंच्या नावाचं.

दुपारच्या वेळी आमच्याकडे नेट रडतखडत चालतं. बटण दाबलं आणि चक्र नुसतं फिरत राहिलं, की माणूस पुन्हा दाबतो, मनुष्यस्वभावच तो. मग एकाच मुलाच्या दोन पावत्या निघत. शेजारच्या फुलीवर बोट टेकवलं, की जादा पावती रद्द होई. अशा रीतीनं सहल पार पडली, पोरं समुद्र बघून आली, बसमध्ये ओकली, घसे बसवून घेतले. जानेवारीत हिशेब तपासताना संस्थेच्या कार्यवाहांना दिसलं, की एकशे एकतीस पावत्यांपैकी एकोणीस रद्द आहेत. पैशांचा घोळ नव्हता. एकशे बारा मुलांचे सदुसष्ट हजार दोनशे रुपये पैला पै जुळले. पण पावती रद्द करायची तर मुख्याध्यापकांची सही आधी घ्यावी, असा संस्थेचा जुना नियम; आणि एकोणीसच्या एकोणीस पावत्यांसमोर 'रद्द करणार' या रकान्यात एकच नाव होतं. बाईंचं.

बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. बाई म्हणाल्या, "मी एकही रद्द केलेली नाही." त्यांतल्या दोन पावत्या रद्द झाल्या त्या दिवशी तर बाई रजेवर होत्या, दिरांच्या तेराव्याला गेलेल्या. कार्यवाह म्हणाले, रजेवर असलं तरी फोन जवळ असतोच. खेळाच्या सरांनी आपण होऊन सांगितलं, की दोनतीन फुल्या माझ्या हातच्या असतील. तर त्यांना उत्तर मिळालं, बाईंना सांभाळून घ्यायला तुम्ही असं म्हणता हे आम्हाला समजतं, पण नोंद स्पष्ट आहे. 'नोंद स्पष्ट आहे' या वाक्यापुढे आम्हा कुणाचं काही चालेना. होणार काय होतं? सेवापुस्तकात एक ताकीद जाणार, एवढंच. पण ज्यांच्या सेवापुस्तकाला एकतीस वर्षांत लाल शाई लागली नाही, त्यांच्या लेखी, तेही पेन्शनचे कागद तयार होण्याच्या सुमाराला, हे 'एवढंच' केवढं असतं हे सांगायला कादंबरीकार कशाला हवा? बाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. त्यांनी कचेरीतल्या संगणकावर घरून आणलेला एक जुना पलंगपोस टाकला, आणि कुणी काही विचारलं की त्या झाकल्या यंत्राकडे नुसतं बोट दाखवू लागल्या.

मी त्या पस्तीस गुणांच्या हत्तीला फोन लावला.

तो रविवारी आला. वाद घालत बसला नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यानं कार्यवाहांना, बाईंना आणि आम्हा दोघातिघांना बसवून घेतलं. माझ्याच फोनवर मला माझ्या नावानं लॉगिन करायला लावलं, एक रुपयाची 'चाचणी' पावती काढायला लावली, आणि मुख्याध्यापकांची रीतसर सही घेऊन (नियम तो नियम!) ती रद्द करायला लावली. बाई समोर खुर्चीत, हात मांडीवर. मग त्यानं नोंद उघडली. पावती करणार: माझं नाव. रद्द करणार: बाईंचं नाव. कार्यवाहांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. खेळाच्या सरांच्या फोनवरून तोच प्रयोग केला; तेच उत्तर. बाई एवढंच म्हणाल्या, "आता मी इथं बसून पुण्याची पावतीही रद्द करीन."

हे कसं झालं? पावती करताना नाव बरोबर आणि रद्द करताना तेवढं चूक, असं का? इथं माझ्या वहीतले चौकोन उपयोगी पडले.

फळीवाल्याच्या मागे आणखी एक कोठी आहे असं समजा, आणि कोठीत एक पोऱ्या. पुढच्या माणसाला सगळी कामं उरकत नाहीत, तेव्हा तो मागे वळून हाक देतो, "अरे, सत्तावीस नंबर रद्द कर." पोऱ्या करतो आणि "केला" म्हणतो. त्याला भक्त दिसत नाही, देऊळ दिसत नाही. ऐकू येते ती नुसती हाक. संगणकांच्या जगात या पोऱ्याला वेब सेवा म्हणतात. तिला माणसांना दाखवायचं पान नसतं, रंग नसतो, बटण नसतं. दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमनं मागावं आणि तिनं द्यावं, एवढाच तिचा व्यवहार. आमच्या सॉफ्टवेअरात पावती तयार व्हायची ती पुढच्या पानावर, जिथं बिल्लाही होता आणि खणही होता. रद्द व्हायची ती मागच्या कोठीत. माझ्या फोननं बिल्ला दाखवला तो पुढच्या संगणकाला. त्यानं मागच्या संगणकाला जी हाक दिली ती स्वतःच्या तोंडानं, नव्यानं. माझा बिल्ला तिच्याबरोबर गेलाच नाही. आणि बिल्ल्यावाचून आलेल्याला कोठीनं एक कोरा करकरीत खण उघडून दिला. त्यात काय असणार? काही नाही.

मी म्हटलं, मग या सेवेला सरळ माझा पुढचा खण उघडायची परवानगी का देत नाहीत? तो हसला. म्हणाला, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये, २००२ साली ते आलं तेव्हापासून, जुन्या धाटणीच्या वेब सेवांना सेशनला हात लावता येत नाही असाच मूळचा दंडक आहे. सेवेतल्या ज्या कामाला ते हवं असेल, त्या एकेका कामाच्या डोक्यावर 'एनेबल सेशन: होय' असं स्पष्ट लिहावं लागतं. न लिहिलं तर उत्तर 'नाही'. मला हा दंडक एकदम पटला. भाड्यानं खोली दिलेल्या माणसाला कुणी तिजोरीची किल्ली मागितल्यावाचून देत नाही. त्यात व्यवहारही आहे: एका खणात एका वेळी एकालाच हात घालू देतात, दुसऱ्यानं तोवर रांगेत थांबायचं, तेव्हा ज्याला गरज नाही त्यानं खणाकडे फिरकू नये हेच बरं. बरं, 'होय' लिहूनही भागत नाही. ब्राउझरनं थेट त्याच ठिकाणच्या सेवेला हाक दिली तर तो आपला बिल्ला आपोआप दाखवतो. पण एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला हाक दिली, तर त्याच्यापाशी बिल्ला ठेवायला खिसाच नसतो. तो मुद्दाम शिवून द्यावा लागतो. न दिला तर दर हाकेला नवा खण. आणि शिवून दिला तरी त्या खिशात राहणार तो पुढच्या संगणकाचा बिल्ला. माझा नाही, खेळाच्या सरांचाही नाही.

कंपनीतल्या ज्या मुलानं हे लिहिलं होतं, त्याच्याशी माझा विद्यार्थी फोनवर बोलला. मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "तिथं सेशन नल येत होतं हो. दुसऱ्या दिवशी डेमो होता. मग कोडमध्ये डिफॉल्ट युजर टाकला. यादीतला पहिला."

नल म्हणजे रिकामं. यादीतला पहिला म्हणजे आमच्या बाई.

या वाक्यानं मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या मुलावर मी रागावू शकलो नाही. डेमो दुसऱ्या दिवशी असल्यावर माणूस काय काय करतो हे शाळा-तपासणी बघितलेल्या मास्तराला कळतं. पण मी विचार करत राहिलो, की रिकाम्या खणात वाईट ते काय होतं? यंत्र किती सरळपणे सांगत होतं, की कोण बोलतंय हे मला ठाऊक नाही! त्या मुलानं म्हणायचं होतं, कोण ते कळत नाही, सबब पावती रद्द होणार नाही. गेला बाजार रकाना कोरा सोडायचा होता. कोऱ्या रकान्याकडे बघून कार्यवाहांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, इथं नाव का नाही? आणि खरं दुखणं तिथंच सापडलं असतं. भरलेल्या रकान्याला कोण प्रश्न विचारतो?

आमच्या कचेरीच्या मराठीला मी आजवर फार नावं ठेवली. 'पावती रद्द करण्यात आली', 'प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले'. यातलं कुणी केलं म्हणून विचाराल तर सगळीकडे सामसूम. व्याकरणाच्या तासाला आमचे मराठीचे सर मुलांना शिकवतात, धातूला 'णारा' लावा आणि 'कोण' विचारा, की कर्ता सापडतो. रद्द करणारा कोण? कचेरीच्या वाक्यात तो सापडत नाही. मला हा लबाडीचा कळस वाटे. आता वाटतं, ते वाक्य कर्ता लपवतं, पण त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाला आणून उभं तरी करत नाही.

दुरुस्तीची गोष्ट निघाली तेव्हा मुख्याध्यापकांनी सोपा उपाय सुचवला: हाक देताना पुढच्या संगणकानं शिक्षकाचं नावही सांगावं, म्हणजे झालं. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, नाव कुणीही सांगेल हो. कोठीतल्या पोऱ्यानं ते का मानावं?" हे ऐकून मला 'ध'चा 'मा' आठवला. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला हे खरं. चिठ्ठीतलं 'धरावे' खोडून 'मारावे' झाल्याची आख्यायिका खरी की रचलेली, ते इतिहासकारांनी बघावं. गोष्ट इतकी झिजली आहे की ती सांगायचीही लाज वाटते. पण तिच्यात एक बारकी गोष्ट आहे. चिठ्ठी कुणाची याबद्दल शंका नव्हती. नाव योग्य होतं, मजकूर मात्र वाटेत फिरला. तेव्हा नुसती ओळख पुरत नाही. शिक्का असा हवा, की एक अक्षर हललं तरी तो मोडावा. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपताच मोर्तब अशी दोन्हीकडून बांधबंदिस्ती करत, ती उगाच नव्हे. खाली मोकळी जागा राहिली तर तिथं कुणाच्या तरी लेखणीला खाज सुटणारच.

संगणकवाल्यांनीही असंच एक मुद्रा-मोर्तबाचं पत्र तयार केलं आहे. जेडब्ल्यूटी म्हणतात, २०१५ च्या मे महिन्यात त्याचा अधिकृत मसुदा निघाला. त्याचे तीन भाग: पहिल्यात शिक्का कुठल्या तऱ्हेचा ते, दुसऱ्यात माणूस कोण आणि पत्र कधीपर्यंत चालेल ते, आणि तिसऱ्यात पहिल्या दोहोंवरून गणितानं काढलेली सही. मधलं एक अक्षर बदला, सही जुळत नाही. पत्र उघडं असतं, कुणीही वाचावं, तेव्हा गुपितं त्यात घालू नयेत. पण खाडाखोड करून ते खपवता येत नाही. मी लॉगिन केलं, की पुढच्या संगणकानं असं पत्र माझ्या नावानं घ्यायचं आणि कोठीला हाक देताना बरोबर द्यायचं. कोठीतल्या पोऱ्यानं पुढच्याच्या शब्दावर विसंबायचं नाही; सही स्वतः ताडायची, मुदत स्वतः बघायची, आणि हा मास्तर पावती रद्द करू शकतो का, तेही स्वतः विचारायचं. आता खणात डोकवायची गरजच उरली नाही. मागणीनं येतानाच आपली ओळख आणली.

कार्यवाहांना हे सारं ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यांनी ते ऐकलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढल्या वेळी कोणी रद्द केली ते कळेल?" विद्यार्थी म्हणाला, "कुणाच्या लॉगिननं केली ते कळेल. तुम्ही लॉगिन उघडं टाकून चहाला गेलात आणि दुसऱ्यानं फुली मारली, तर नाव तुमचंच येईल." त्यावर खोलीत जरा शांतता पसरली. आमच्या शिक्षकखोलीत एका फोनवर चौघांची कामं करायची चाल होती. ती त्या दिवसापासून, निदान काही दिवस, बंद पडली.

बाईंना दिलेलं पत्र संस्थेनं मागे घेतलं. सेवापुस्तकाला शाई लागली नाही. कंपनीनं तीन आठवड्यांत दुरुस्ती करून दिली. पलंगपोस निघाला, आता तो कपाटातल्या वह्यांवर असतो. बाईंनी रोजकीर्द मात्र सोडली नाही, आणि कुणी ती सोडा असंही म्हटलं नाही.

राहिल्या त्या एकोणीस पावत्या. बाईंची इच्छा होती, की त्यांच्यासमोर ज्याची त्याची खरी नावं यावीत. कंपनीला तसं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ते सरळ होतं: जे नाव त्या वेळी टिपलंच गेलं नाही, ते आता कुठून काढायचं? पुढच्या संगणकावर कोणत्या फोनवरून केव्हा मागणी आली याच्या नोंदी होत्या, पण त्या तीस दिवसच ठेवत, आणि ते दिवस उलटून गेले होते. खेळाच्या सरांनी दोनतीन कबूल केल्या त्या नेमक्या कोणत्या, ते त्यांनाही आठवेना. बाकीच्यांना तर आपण फुली मारली होती की नाही हेच सांगता येत नव्हतं. तेव्हा त्या पावत्यांसमोर यंत्रात अजून बाईंचंच नाव आहे. मुख्याध्यापकांनी एका कोऱ्या कागदावर झाला प्रकार चार ओळींत लिहिला, खाली सही केली, सहीला लागून शाळेचा गोल शिक्का मारला, आणि तो कागद त्या वर्षीच्या फाईलला टाचणीनं लावून ठेवला.